घरगुती चुंबक-मोटर : कॉइलचे वेढे मोजता मोजता ‘फुकटच्या विजे’चा हिशेब



मागच्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत मोबाइल घेऊन आला. (घरचा मोबाइल होता, वडिलांची चिठ्ठी सोबत होती, म्हणून रागावलो नाही.) व्हिडिओत लाकडी पाटावर एक चकती गरगर फिरत होती. चकतीला चुंबक, शेजारी तांब्याच्या तारेची कॉइल आणि बाजूला पेटलेला बल्ब. खाली लिहिलं होतं, ‘विजेशिवाय चालणारी मोटर’.

मुलानं विचारलं, “सर, हे खरं असतं का? आमच्या पप्पांना एक जण असली मोठी मोटर विहिरीवर बसवून देतो म्हणालाय. आधी थोडे पैसे द्यायचेत.”

हा मुलगा दुष्काळी पट्ट्यातला. विहिरीला पाणी कमी, त्यात वीज रात्री येते आणि मोटर दोन वर्षांत एकदा तरी जळते. अशा घरात ‘बिल नाही, भारनियमन नाही’ असं कोणी सांगितलं तर माणूस ऐकणारच. मी “हे सगळं खोटं आहे” असं एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण मुलानं ते घरी जाऊन सांगितलं असतं आणि वडील म्हणाले असते, “सरांना काय माहीत? इथं फिरताना दिसतंय की!”

म्हणून मी म्हटलं, “आपण हीच मोटर बनवू आणि मोजू.”

त्या मोजण्यातून काय काय हाती आलं ते या लेखात सांगतो. नववीचा ‘धाराविद्युत’, नववीचाच ‘कार्य आणि ऊर्जा’ आणि दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे तीन पाठ या एका खेळण्यात बसतात. खर्चही बेताचा आहे.

मोटर चालते कशी?

पुस्तकातल्या मोटरीत कॉइल फिरते आणि चुंबक स्थिर असतात. इथं उलट आहे. चुंबक चकतीवर बसून फिरतात, कॉइल जागेवर असते. त्यामुळे कार्बन ब्रश लागत नाहीत.

चकतीच्या कडेला चार चुंबक, एकमेकांपासून ९० अंशांवर. सगळ्यांचं उत्तर टोक बाहेर. कॉइलमधून धारा गेली की तीही चुंबक बनते. चकतीवरचा चुंबक कॉइलसमोरून नुकताच पुढे सरकला की त्या क्षणी कॉइलला धारा द्यायची. कॉइलचंही उत्तर टोक समोर असल्यामुळे ती चुंबकाला पुढे ढकलते. लगेच धारा बंद. पुढचा चुंबक आला की पुन्हा ढकलायचं.

झोपाळ्यावर बसलेल्या पोराला आपण असंच ढकलतो. सतत हात लावून ठेवत नाही. झोपाळा परत फिरला की नेमक्या वेळी एक धक्का देतो. धक्का लवकर दिला तर झोपाळा अडतो, उशिरा दिला तर हात हवेत जातो. ‘पल्स मोटर’ म्हणजे हीच धक्क्यांची मोटर.

धक्क्याची वेळ ठरवायला रीड स्विच लागतो. काचेच्या छोट्या नळीत दोन पातळ पट्ट्या असतात, चुंबक जवळ आला की त्या चिकटतात. मात्र कॉइलची सगळी धारा रीड स्विचमधून नेऊ नका, त्याच्या पट्ट्या जळून चिकटतात. रीड स्विचनं फक्त ट्रान्झिस्टरला इशारा द्यायचा आणि मोठी धारा ट्रान्झिस्टरनं सांभाळायची.

साहित्य

१. प्लायची किंवा जाड पुठ्ठ्याची चकती आणि मध्ये बसवायला फिजेट स्पिनरची बेअरिंग.
२. चार छोटे निओडिमियम चुंबक.
३. २८ गेजची एनॅमलची तांब्याची तार. वजनावर मिळते, १०० ग्रॅम पुष्कळ होते.
४. २० मिलिमीटरच्या वायरिंगच्या पाइपाचे तुकडे आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या चकत्या, म्हणजे कॉइलची रिळं तयार.
५. रीड स्विच, टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रोध, १एन४००७ डायोड.
६. इमर्जन्सी दिव्यात असते ती ६ व्होल्टची बॅटरी.
७. साधा मल्टिमीटर आणि होकायंत्र.

जोडणी सोपी आहे. बॅटरीचा प्लस कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या मायनसला. प्लसकडूनच दुसरी वायर रीड स्विच आणि १ किलोओहमच्या रोधातून ट्रान्झिस्टरच्या बेसला. कॉइलच्या दोन टोकांवर डायोड, त्याची पांढरी पट्टी प्लसकडे. ही मोटर आपण होऊन सुरू होत नाही, चकतीला बोटानं एक टिचकी द्यावी लागते.

पालकांसाठी तीन सूचना. हे चुंबक लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि आतडं चिमटतं, हे जिवावर बेतू शकतं. चुंबक नुसते चिकटवून ठेवू नका, वरून दोऱ्याचे वेढे किंवा टेप घाला, कारण वेगात सुटलेला चुंबक डोळ्याकडे येऊ शकतो. तिसरं म्हणजे हा प्रयोग फक्त बॅटरीवर करायचा. घरातल्या प्लगशी त्याचा काही संबंध येता कामा नये.

पहिली अडचण : चालतच नाही!

तुमच्याही वर्गात हेच होईल, म्हणून आधीच सांगतो. आमच्या पहिल्या तीन मोटरी चालल्या नाहीत. कारण एकच, तारेवरचं एनॅमल खरवडलं नव्हतं. तार तांब्याच्या रंगाची दिसते म्हणून मुलांना वाटतं की ती उघडी आहे. टोकं पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, मग मल्टिमीटरवर ओहम बघा.

आमच्या चौथ्या मोटरीत दोन कॉइल होत्या, चकतीच्या दोन बाजूंना समोरासमोर. मीटर धारा दाखवत होता, कॉइल गरम होत होत्या, पण चकती थरथरून थांबायची. मुलांनी बॅटरी बदलली, ट्रान्झिस्टर बदलला. शेवटी एका मुलीनं दोन्ही कॉइलसमोर होकायंत्र धरून बघितलं. एकीचं उत्तर टोक समोर, दुसरीचं दक्षिण. म्हणजे एक कॉइल ढकलत होती आणि दुसरी मागे ओढत होती. दुसऱ्या कॉइलची टोकं उलटी जोडल्यावर मोटर सुटली.

ही चूक वर्गात मुद्दाम होऊ द्या. मीटर दोन्ही वेळा तीच धारा दाखवतो, बॅटरी तेवढीच उतरते, पण काम शून्य. वीज खर्च होणं आणि काम होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांना इथं हातानं कळतं. म्हणून कॉइल गुंडाळतानाच आतल्या टोकाला लाल आणि बाहेरच्या टोकाला काळा टेप लावायची सवय लावा. मोटर भरणारे कारागीर सुरुवातीची आणि शेवटची टोकं अशीच खुणा करून वेगळी ठेवतात.

वेढे वाढवले की जोर वाढतो का?

आता लेखाचा मुख्य भाग. वर्गात विचारा, “मोटरीचा जोर वाढवायचा तर काय करायचं?” सगळा वर्ग ओरडतो, “वेढे वाढवा!” पुस्तकातही तसंच आहे की, वेढे जास्त तर चुंबकीय क्षेत्र जास्त. पण पुस्तकातलं पुढचं वाक्य आपण विसरतो, धारा तेवढीच असेल तर.

हिशेब करू. २० मिलिमीटरच्या पाइपावर २८ गेजचे ३०० वेढे घातले तर सुमारे २१ मीटर तार लागते. वजन साधारण २१ ग्रॅम. या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१५५ ओहम, म्हणून कॉइलचा रोध सव्वातीन ओहम. ६ व्होल्टला धारा साधारण १.८५ अँपिअर. जोर मोजायला धारा गुणिले वेढे, म्हणजे ‘अँपिअर-वेढे’ हे माप घेऊ.

(ट्रान्झिस्टरवर सुमारे एक व्होल्ट पडतो, फिरताना कॉइलमध्ये उलट दाबही तयार होतो. तुलनेसाठी ते दोन्ही इथं बाजूला ठेवलं आहे. धक्का चालू असतानाचे आकडे असे येतात.)

• एक कॉइल, ३०० वेढे : रोध ३.२५ ओहम, धारा १.८५ अँपिअर, अँपिअर-वेढे ५५५, वीज ११ वॉट.
• दोन कॉइल एकसर : रोध ६.५ ओहम, धारा ०.९२ अँपिअर, दोन्हींचे मिळून अँपिअर-वेढे ५५४, वीज ५.५ वॉट.
• दोन कॉइल समांतर : रोध १.६ ओहम, धारा ३.७ अँपिअर, दोन्हींचे मिळून अँपिअर-वेढे १११०, वीज २२ वॉट.

हे आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना दोन मिनिटं बघू द्या. एकसर जोडणीत वेढे दुप्पट झाले, पण रोधही दुप्पट झाला, म्हणून धारा निम्मी. गुणाकार जिथल्या तिथं! म्हणजे बॅटरी तीच आणि तार तीच असेल तर नुसते वेढे वाढवून जोर वाढत नाही.

मग जोर कशानं बदलतो? तारेच्या जाडीनं. याच रिळावर ३२ गेजच्या बारीक तारेचे ३०० वेढे घाला. रोध ६ ओहमच्या आसपास जातो, धारा १ अँपिअर होते आणि अँपिअर-वेढे ३०० वर येतात. वेढे तेवढेच, जोर जवळजवळ निम्मा.

तर मग जास्त वेढ्यांचा उपयोग काय? पुन्हा पहिल्या दोन ओळी बघा. जोर सारखाच आहे, पण वीज ११ वॉटवरून ५.५ वॉटवर आली. तांबं दुप्पट घातलं, म्हणून नुसती उष्णता होऊन जाणारी वीज निम्मी झाली. चांगल्या मोटरीत तांबं जास्त का असतं याचं उत्तर इथं आहे.

ज्या पालकांनी पंपाची मोटर भरून आणली आहे त्यांना हे लगेच कळेल. मोटर भरताना कोणी बारीक गेजची तार घातली तर दुकानात ती फिरून दाखवता येते. पण विहिरीवर लोड आला की ती तापते आणि पुन्हा जळते. म्हणून चांगला कारागीर जुनी तार काढताना गेज मोजतो, खाचेतले वेढे मोजतो आणि तेवढेच परत घालतो. जमलं तर तुमच्या गावातल्या अशा कारागिराला एक तास शाळेत बोलवा. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रींनी नखावर तार घासून गेजचा अंदाज सांगितला आणि मीटरनं तपासल्यावर तो बरोबर निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जादू वाटणारी गोष्ट : ६ व्होल्टवर निऑन पेटतो

आता व्हिडिओतल्या त्या बल्बाकडे येऊ. कॉइलवरचा डायोड काढून तिथं टेस्टरमधला छोटा निऑन लावला की मोटर फिरताना तो लाल चमकतो. (हे शिक्षकांनी स्वतः करून दाखवा, थोडाच वेळ. तारांना हात लागू देऊ नका, ट्रान्झिस्टरही असा फार काळ टिकत नाही.) निऑन पेटायला ७० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. बॅटरी तर ६ व्होल्टची. मग बाकीचे आले कुठून?

इथंच पुष्कळ लोक फसतात आणि फसवणारेही इथंच बोट दाखवतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना याचं उत्तर वेगळ्या रूपात माहीत आहे. कृष्णाकाठच्या उपसा सिंचनाच्या पाइपलाइनीत पाणी जोरात वर चाललेलं असतं. अचानक लाइट जाते. चालतं पाणी एकदम अडतं आणि पाइपात दणका बसतो, कधी पाइप फुटतोही. पंपाचा दाब तर पाइप सहज सोसत होता, मग हा जास्तीचा दाब कुठून आला? चालत्या पाण्यात साठलेल्या ऊर्जेतून. ती पाण्याला पंपानंच दिली होती. दाब मोठा झाला, पण क्षणभर. पाणी काही वाढलं नाही.

कॉइलमधून वाहणारी धारा अशीच एकदम तोडली की तिच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा बाहेर पडते आणि क्षणभर मोठा व्होल्टेज उठतो. व्होल्ट म्हणजे ऊर्जा नव्हे. ही साठवण किती असते तेही काढता येतं. आपल्या ३०० वेढ्यांच्या, मध्ये लोखंड नसलेल्या कॉइलमध्ये दर धक्क्याला सुमारे २ मिलिज्यूल. चकती मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० धक्के होतात, म्हणजे परत मिळू शकणारी ऊर्जा सेकंदाला ०.०८ ज्यूलच्या आत. धक्का एकूण वेळेच्या पाचव्या भागात चालू असेल तर बॅटरी तेवढ्या वेळात २.२ ज्यूल देते. शंभर रुपये खर्चून चार रुपये परत मिळाल्यासारखं झालं. चार रुपये परत मिळाले ही चांगली गोष्ट आहे, पण त्याला कमाई म्हणत नाहीत.

मी स्वतः कसा फसलो

हे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण लिहितो.

कॉइलमधून परत येणारी ही ऊर्जा आम्ही डायोडमधून दुसऱ्या बॅटरीकडे वळवली. डायोडमधून दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि तिचा मायनस पहिल्या बॅटरीच्या प्लसला. अमेरिकेतल्या जॉन बेडिनी यांच्या नावानं जगभर जी मोटर बनवली जाते तिची मूळ कल्पना हीच. दुसरी बॅटरी उतरलेली होती, ५.९ व्होल्ट. दीड तासानं मीटर ६.४ दाखवू लागला. माझी छाती धडधडली! पहिली बॅटरी तर फार उतरलेली दिसत नव्हती. दोन दिवस मी कोणाला काही बोललो नाही, घरी वहीत आकडेमोड करत बसलो.

तिसऱ्या दिवशी तोच मुलगा म्हणाला, “सर, व्होल्टेज कशाला बघताय? बल्ब लावून बघू की किती वेळ चालतो.”

दोन्ही बॅटऱ्यांवर एकसारखे बल्ब लावले. ६.४ व्होल्ट दाखवणारी ‘चार्ज झालेली’ बॅटरी काही मिनिटांत मान टाकून बसली. ‘फार न उतरलेली’ पहिली बॅटरीसुद्धा नेहमीपेक्षा पुष्कळ आधी संपली. शिसं-आम्लाच्या बॅटरीचा व्होल्टेज थोड्याशा चार्जिंगनं झटकन वर जातो, नुसतं स्वस्थ ठेवल्यानंही चढतो. तो वरवरचा असतो. टाकीत पाणी किती आहे हे नळाला बोट लावून कळत नाही, बादल्या भरून बघाव्या लागतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण हवं ते उत्तर समोर दिसू लागलं की माणूस मोजायचं थांबतो. मी विज्ञान शिकवतो आणि माझं असं झालं, तर कर्जात असलेल्या शेतकऱ्याला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

पुढे मुलांनी स्वतःहून एक कसोटी ठरवली. दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरायच्या, एक चालवणारी आणि दुसरी भरणारी. फुकटची वीज असेल तर हा खेळ कायम चालला पाहिजे. काही फेऱ्यांतच दोन्ही बॅटऱ्या उतरल्या.

हे स्वप्न जुनं आहे

आपोआप फिरणाऱ्या चाकाचं स्वप्न आजचं नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णिलं आहे. युरोपातही शेकडो लोकांनी अशी यंत्रं मांडली. शेवटी १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं असे दावे तपासणंच बंद केलं. भास्कराचार्यांसारखा गणिती ज्या कल्पनेत रमला तिच्यात आपला विद्यार्थी रमला तर नवल नाही. त्याच्या हातात मीटर द्यायला हवा, एवढंच.

आणि नव्याला नाही म्हणणं हासुद्धा शहाणपणा नसतो. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक राहिलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा शेतकरी तो सहजासहजी घेईनात. लोखंडानं जमिनीत विष होतं असा समज होता. पण शेतात नांगर चालला आणि समज गेला. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि पंपांसाठी ओळखली जाते. तिथं नवी गोष्ट खरी होती, इथं खोटी निघाली. दोन्हींचा निकाल वापरून बघितल्यावरच लागला.

वडील शाळेत आले

एका शनिवारी त्या मुलाचे वडील शाळेत आले. मोटर फिरताना बघून म्हणाले, “सर, फिरतीय की हो! मग मोठी का नाही फिरणार?”

त्यांच्या मुलानंच फळ्यावर हिशेब मांडला. मी मागच्या बाकावर बसलो.

१ युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. १ लिटर पाणी ३० मीटर वर आणायला २९४ ज्यूल लागतात. म्हणजे काही वाया न जाता १ युनिटमध्ये फार तर सव्वाबारा हजार लिटर पाणी वर येईल. आता आपली बॅटरी, ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-तास, म्हणजे २७ वॉट-तास. एवढ्यात ३३० लिटर.

“पप्पा, ही बॅटरी सगळी संपवली तरी २०० लिटरची दोन बॅरल भरत नाहीत. आपली पाच एचपीची मोटर ३७०० वॉटची. ही मोटर बॅटरीतनं दोन वॉट घेते. जेवढं घेते तेवढं सगळं पाण्याला दिलं असं धरलं, तरी असल्या अठराशे मोटरी लागतील. आणि प्रत्येकीला बॅटरी लागणार ती वेगळीच.”

वडील थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बॅटरी काढली की थांबतीय व्हय?” मुलानं बॅटरी काढली. चकती थोडे फेरे घेऊन थांबली.

पुढं त्यांनी त्या विकणाऱ्याला एकच अट घातली. मोटर आमच्या विहिरीवर दोन दिवस चालवून दाखवा, पैसे नंतर. तो माणूस पुन्हा आला नाही. फसवाफसवीची तक्रार करण्यासारखं काही घडलं नव्हतं, कारण पैसे दिलेच नव्हते. त्यांच्या विहिरीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, हेही सांगितलं पाहिजे.

आपल्या भागातल्या मुलांना हा नियम दाखवायला लांब जावं लागत नाही. कोयनेत पाणी खाली सोडून वीज मिळवतात. त्याच कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि पुढं टेंभूच्या योजनेत वीज घालून ते दुष्काळी भागाकडे टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. पाणी उतरताना मिळते आणि चढवताना द्यावी लागते. टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. बुद्धीला पटेल तेच मान्य करा असं त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यांच्या गावच्या पंपांनाही विजेचं बिल येतं!

मग ही मोटर टाकाऊ का?

मुळीच नाही. हल्ली दुकानात बीएलडीसी पंखा मिळतो. त्यात आपल्या खेळण्यातलंच तत्त्व आहे. चुंबक फिरतात, कॉइल जागेवर, आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट एकेका कॉइलला नेमक्या वेळी धारा देतं. साधा पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, हा ३० वॉटच्या आसपास तेवढीच हवा देतो. पुष्कळशा इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरीही याच जातीच्या. वीज फुकट मिळाली नाही, पण वाया जाणारी वाचली. कॉइलशी खेळणाऱ्या मुलांना खरी वाट ही आहे.

वर्गात घेण्यासाठी पाच कामं

१. एक कॉइल, दोन एकसर, दोन समांतर : प्रत्येक वेळी आधी धारेचा अंदाज वहीत लिहा, मग चकती हातानं थांबवून, चुंबक रीड स्विचसमोर ठेवून मोजा. मीटर १० अँपिअरच्या जागेवर लावा आणि मोजणं दोन-तीन सेकंदांत उरका, नाहीतर कॉइल तापते.
२. एका कॉइलची टोकं उलटी जोडा. धारा बदलते का? चकतीचं काय होतं?
३. फिरत्या चकतीच्या आसाला बोटानं हळूच अडवा आणि मीटर बघा. वेग कमी होताच धारा का वाढते? (उलट दाब कमी होतो. पंपाची मोटर अडकली की का जळते हे इथं समजतं.)
४. आसाला दोरा बांधून वजन उचलायला लावा. समजा २० ग्रॅमचा नट १ मीटर चढायला २ सेकंद लागले. काम ०.२ ज्यूल, म्हणजे ०.१ वॉट. बॅटरी त्या वेळी किती वॉट देते? उरलेली वीज कुठं गेली? कॉइलला हात लावून बघा.
५. घरी कोणी ‘विजेशिवाय’ चालणारं काही दाखवलं तर कोणते तीन प्रश्न विचाराल, ते लिहून आणा.

पाचव्या कामाची उत्तरं जरूर वाचा. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, “बॅटरी कुठं लपवलीय? काम किती केलं? आणि पैसे आधी का मागता?” मी तिच्या वहीत शेरा लिहिला नाही. तिन्ही प्रश्न वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, ते अजून पुसलेले नाहीत.